मिनिटाला एक अंश

पाषाणला बाहेर एकेचाळीस.
लतीफ तांबोळी भोसरीहून टेम्पोत
नायट्रोजनची टाकी घेऊन आलाय,
आधी पंख्याखाली उभा राहतो, मग सही मागतो.

आत, भिंगाखाली,
नखाएवढ्या काचेवर उणे चार.
पाणी अजून पाणीच.
गोठायचं राहून गेलंय त्याच्या लक्षातून.

थंड सुईचं टोक मी कडेला टेकवते.
तेवढंच पुरतं.
एक रेघ सुटते, आणि बर्फ
बोहरी आळीत हमाल शिरावा तसा
पेशींच्या मधून वाट काढत जातो.

नाळेच्या रक्तातल्या पेशी या.
बाहेर मीठ दाटत जातं
तसं आतलं पाणी थोडं थोडं निघतं.
द्राक्षाचा बेदाणा.
सुरकुतते, पण राहते.

घाई केली तर काय, तेही वहीत आहे, सहा मे:
मिनिटाला पन्नास अंश.
पाण्याला निघायला सवडच नाही.
पेशी तशीच गोल, टपोरी,
आणि मग काळी.
पुढे मी काही लिहिलेलं नाही.
निफाडकर बाई म्हणाल्या, थंडीनं नाही मरत गं,
आत अडकलेल्या पाण्यानं.

आईला काकानं सांगितलं ते असं:
शिरूची गाडी घसरलीय, चाकणच्या पुढं.
थोडं लागलंय.
मग, दवाखान्यात नेलंय.
मग, शुद्धीवर नाही, तू साडी बदल.
मग रिक्षात, दापोडीच्या पुलापर्यंत, काहीच नाही.
पोचली तेव्हा निम्मी झाली होती आई.
पण होती.

मला फोन आला. चार शब्द.
मी तशीच उभी, हातात पिपेट,
सगळं पाणी आत.

परत आणताना मात्र उलटं करायचं.
रेंगाळलात तर बारीक स्फटिक
एकमेकांना खाऊन मोठे होतात.
सदतीसच्या पाण्यात थेट बुडवायचं, झटकन.
मग निळा रंग. मेलेली तो पिते,
जिवंत पेशी बाहेरच ठेवते.
आज शंभरात एकाहत्तर.

"जगल्या का?" लतीफ विचारतो.
मी आकडा सांगते, सही करते,
आणि का कोण जाणे, त्याच्या मागोमाग
दार ढकलून एकदम उन्हात येते.

मे महिन्याच्या कोरड्या हवेत
चष्म्यावर वाफ धरत नाही.
लतीफला ते माहीत असावं.
टेम्पो सुरू न करता
तो खिशातला रुमाल झटकतो, पुढं करतो.