पालकसभा, बाजाराच्या दिवशी

शनिवारी सकाळी अकराला सभा ठेवली होती.
चार ओळींची नोटीस, खाली माझी सही,
शाळेच्या दारावर डकवलेली.
ज्यांच्यासाठी होती त्यांतल्या बहुतेकांना
ती वाचता येत नाही,
हे मला साडेबाराला सुचलं,
चहावर साय धरल्यावर.
तरी इतिवृत्तात लिहिलंच: पालक उदासीन.
निळ्या शाईत.

मंगळवारी बाजारात गेले, मिरच्या घ्यायला.
सगळे उदासीन तिथंच होते.
कोंबड्या उलट्या धरून, टोपल्या उतरवत,
उसाच्या तोडीवरून नुकते परतलेले,
हातांवर पात्यांचे ओरखडे.
आणि जामली, माझ्या तिसरीतली,
भिंतीला टेकून मागे बसणारी,
जिच्या नावापुढे 'गणितात कच्ची' असं मी दोनदा लिहिलंय,
मोहाचं पोतं घेऊन व्यापाऱ्यासमोर उभी.
पावणेसात किलो, किलोला अठ्ठावीस,
मागची उधारी चाळीस वजा.
ओठ हलले तिच्या बोलीत,
मग मराठीत म्हणाली, "शेठ, नऊ रुपये कमी."
त्यानं पुन्हा मोजलं.
नऊ रुपये दिले.

मिरच्या राहूनच गेल्या.

मी अमळनेरकडची. पहिलीत
"सर, मना मामाना गावले जत्रा शे" म्हणाले होते,
वर्ग हसला, सर त्याहून जास्त.
होळीपर्यंत मग तोंड उघडलं नाही मी.
हे मला पाढ्यासारखं पाठ आहे.
तरी जामलीनं 'पाणी' तिच्या हेलात वाचलं तेव्हा
मीही हसलेच की.
एवढंसंच. तिनं पाहिलं होतं.

पुढच्या मंगळवारी मिठाच्या दुकानाशेजारी
निंबाखाली ताडपत्री अंथरली.
वह्यांवर दगड ठेवला, वारा होता.
तेरसिंग पावरा उभ्यानंच बोलला,
"पोरगी कच्ची, हे ऐकाया अंगठा लावू का?"
म्हटलं, ती तोंडी हिशोब कसा करते
ते मला शिकायचंय.
तो हसला नाही. बसला मात्र.
मग बारकीबाई, कडेवर लहानगं, मातीकडे बघत,
"मॅडम, काळी म्हणून मागं बसवता का?"

मी म्हणाले, उंचीप्रमाणे बसवते.
म्हणता म्हणता डोळ्यांपुढून ओळी गेल्या.
पुढे दुकानदाराची, ग्रामसेवकाची,
पावडर लावून येणारी.
जामली वर्गात सगळ्यांत बुटकी आहे.
शेजारी कुणी मीठ मापत होतं,
मापट्याची कड हातानं सारखी करत.
"हो," म्हणाले मी. "बहुतेक."

त्यावर कुणी काही बोललं नाही.
बारकीबाईनं लहानगं दुसऱ्या कडेवर घेतलं
आणि टोपलीतली चार बोरं
माझ्या हजेरीपटावर ठेवली.

आता फळ्यावर एका वस्तूची तीन नावं असतात,
माझ्या आईचं, त्यांच्या आईचं, पुस्तकाचं.
तिसऱ्याची परीक्षा होते, बाकीच्या दोघांची मजा.
त्यांचे शब्द मी चुकवते, वर्ग खदखदतो.
जामली हसत नाही. पुन्हा म्हणायला लावते.
श्रुतलेखनात तिला अजून निम्मेच मार्क.
वेस्त्या दिवाळीनंतर टोळीबरोबर गेला,
त्याला थांबवणं मला जमलं नाही.
तिला आत्याकडे ठेवलंय.

रविवारी संध्याकाळी बारडोलीहून फोन येतो,
फडातून, मागे ट्रॅक्टरची घरघर.
ती धडा वाचते, बोट ओळीखाली सरकवत.
वाचलेलं बरोबर की चूक, तेरसिंगला कळत नाही.
तो फक्त म्हणतो, "मंग?"
ती पान उलटते.
रेंज जाते. दोघं थांबतात.
"मंग?"