अथवा

नोटीस कानडीत आली,
खाली मुंगीएवढं इंग्रजी.
डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले, तू वाच की,
चिकोडीच्या कोर्टासमोर दोन वर्षं
झेरॉक्स काढत होतास.

मी बोट ठेवून वाचत गेलो.
सेरेवास. म्हणजे कैद, हे सांगावं लागलं.
पुढं दंड. तो आपल्याकडंही दंडच.
मधे अथवा. तोही तसाच,
कोगनोळीच्या नाक्यावर न थांबता आलेला.
सेरेवास अथवा दंड अथवा एरडू.
एरडू?
दोन्ही, डॉक्टर.
त्यांनी बराच वेळ 'अथवा'वर डोळे टेकवले,
ओढा ओलांडताना माणूस दगड शोधतो, तसे.

आदल्या मंगळवारी दोघं येऊन गेले होते.
बाहुबलीच्या फोटोशेजारी आमचा परवाना,
फ्रेममध्ये, काचेवर उदबत्तीची काजळी.
त्यातल्या एकानं ती रुमालानं पुसली,
खालची तारीख वाचली.
दुसऱ्यानं टेप काढली.
नकाशात भिंत नऊ इंची.
टेपला ती साडेचार भरली.
मग स्विचवर कापड बांधलं, लाख ओतली.
मेणबत्ती आमचीच.

माझा बिल्ला मागितला.
तो छातीवर लावायचा असतो,
किती किरण खाल्ले ते मोजतो.
मी ड्रॉवरमध्ये ठेवायचो, कंगव्याजवळ,
दर तीन महिन्यांनी तेवढा पाठवायचो.
आकडा चढला की उत्तर द्यावं लागतं,
असं मला कुणीतरी सांगितलं होतं.
कुणी, ते विचारू नका.
कागदोपत्री अकरा वर्षं
मी या खोलीत आलेलोच नाही.

भिंतीपलीकडं विडीची शेड.
तायव्वा कांबळे पाठ टेकून बसते तिथं,
मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, दोरा.
मी इकडं ओरडायचो,
श्वास धरा, हलू नका.
एकदा नळावर म्हणाली,
"दिवसातनं चाळीसदा
मी बी दम धरतो बघ तुझ्यासंगं."
आणि हसली. मीही हसलो.
ते हसू आता कुठं ठेवू?

परवा जाऊन सगळं सांगितलं तिला.
भिंतीचं, टेपचं, लाखेचं.
बिल्ल्याचं सांगायचं राहिलं.
तिनं हातातली विडी बांधून पुरी केली.
"दंड भरला तर पैसा कुणाला?"
सरकारला.
"कुठल्या?"
मी नोटीस पुन्हा उघडली.
त्यात शिक्का होता, सिंह होते,
तिचं नाव कुठंच नव्हतं.

आता ती हातभर पुढं सरकून बसते.
मागं चुन्यावर तेलाचा डाग राहिलाय,
डोकं, दोन खांदे, थोडी डावी बाजू खाली.
नुकत्या धुतलेल्या फिल्मसारखा, ओला वाटणारा.
मी बघत उभा राहतो.
ती मान वर न करता मोजते,
सत्तावन्न, अठ्ठावन्न.