फॉरमॅटिंग काढा

शाळेच्या ऑफिसातून मी दिवसाला तीसेक मेल पाठवते.
फीची शेवटची तारीख ठळक,
उशिराचा दंड लाल,
'सहकार्याची अपेक्षा' तिरप्या अक्षरात –
तिरप्यात मागितलं की नम्र वाटतं, असं प्रिन्सिपॉलबाईंचं मत.
बुलेटं मला आवडत नाहीत. प्रत्येक ओळीपुढे
एक काळी मोहरी, फोडणीतून उडालेली.
पण पालक बुलेटंच वाचतात.

तर विद्याधरचा मेल आला पुण्याहून:
शरयूमावशीच्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढतोय,
चार ओळी दे, तू तिच्या जवळ होतीस.

जवळ म्हणजे लोकमान्य नगरात, दोन गल्ल्या सोडून.

जेवणं आटोपल्यावर बसले.
रंगांची, जाडीची ती पट्टी उघडलीच नाही.
मावशीला काय ठळक करायचं,
ती एमवायच्या वॉर्डात निघाली की
जिन्यापासून ऐकू यायची.

लिहिलं:
सुई टोचताना ती प्रत्येकाला म्हणायची,
बसून जा. डोळे बंद करून घे.
माहीत पण नाही पडणार.
मी सात वर्षांची होते. खरंच माहीत नाही पडलं.

चौथ्या दिवशी उत्तर.
डावीकडे राखाडी उभी रेघ, तिच्याआड माझा मजकूर
पडद्यामागच्या पेशंटसारखा,
आणि जागोजागी लाल.
'बसून जा'वर आडवी रेघ, पुढे: बस.
'बंद करून घे'वर रेघ, पुढे: मीट.
'माहीत पण नाही पडणार' – इथे रेघ चांगली लांब –
कळणारही नाही.
तळाशी साध्या काळ्यात:
यामे, फक्त हिंदी वळण काढलंय. भाव तोच ठेवलाय.

ठेवलाय. खोटं नाही बोलत तो.
बाईंचा मजकूर दुसरीकडून उचलून मेलमध्ये चिकटवला
की त्याच्या पाठीला फिकट करडा चौकोन चिकटून येतो,
कितीही पुसा, ओळीच्या टोकाशी थोडा उरतोच.
आम्हीही तशीच.
होळकरांच्या काळात कुणीतरी उचलून इकडे चिकटवलेली.
मागचा रंग तिथून आणलेला की इथे लागलेला,
आता कोण सांगणार.

पण लाल?
लाल तर मी लावते, रोज, दुसऱ्यांना.

सगळं निवडलं. निळं झालं.
पट्टीतलं अगदी शेवटचं बटण, टी-वर तिरकी काट.
एरवी ते चौबेजींच्या रजेच्या अर्जाला वापरते,
ते जांभळ्यात पाठवतात.
दाबलं.

लाल गेलं. रेघा गेल्या.
मला वाटलं, रेघांबरोबर खोडलेलंही जाईल.
ते नाही गेलं.
एका मापाच्या, एका काळ्या अक्षरात
दोघंही तिथेच:

बसून जा बस. डोळे बंद करून घे मीट.
माहीत पण नाही पडणार कळणारही नाही.

किती वेळ वाचत राहिले.
जशा दोन नर्सा एकाच पेशंटला सांगतायत,
एकीने दंड धरलाय,
दुसरी स्पिरिटचा कापूस घासतेय.

मावशी पहाटे झोपेतच गेली.
कुणी असेल का तेव्हा उशाशी, यातलं काही म्हणायला,
कुठल्याही मराठीत.

कोपऱ्यात आलं: मसुदा जतन केला.
वर एकच ओळ घातली,
विद्या, छापशील तर असंच छाप.
आणि पाठवून दिलं.

नंतर बघते तर खाली माझी सही आपोआप गेलेली,
काढायची राहूनच गेली –
यामिनी घारपुरे, वरिष्ठ लिपिक.
तक्रारींसाठी भेटण्याची वेळ:
सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चार.