समासातलं भांडण

लेइदा पेनड्राइव्ह लोकरी मोज्यात घालून आणते.
थंडीत अक्षरं गोठतात, असं तिला कुणी सांगितलं कोण जाणे.
तामुला तळ्यावर बर्फ वीतभर,
आणि वोरूच्या वाचनालयाच्या तळघरात मी,
एक हीटर, तीन जुने लॅपटॉप,
झाकणावर पेंग्विन, त्याची चोच कुणीतरी खरवडलेली.

"विकतचं पेन्शनीत बसत नाही," ती म्हणते,
"आणि भाड्याचं मुळीच नको.
कोश माझा, आणि किल्ली दरमहा दुसऱ्याकडे?"

फाइल एकच: बोलीचा कोश,
तिची आणि वाल्डुरची बावीस वर्षं.

अबीवर्डमध्ये उघडली
चहात साखर विरघळायच्या आत.
पानं दोनशे अकरा, अक्षर न् अक्षर जागेवर,
समास मात्र पुसून घेतलेला.
"वाल्डुर कुठाय?" तिनं विचारलं.
मी हीटरकडे पाहिलं.
वाल्डुर नोव्हेंबरात गेला, सगळ्या गावाला ठाऊक.

मग ओन्लीऑफिस. पानं दोनशे चौदा.
तक्ते ओळंब्यात, फिती चकचकीत,
वाल्डुर आला, पण कसा,
पेटीत निजवताना नवा सूट घालतात ना,
तसा.

लिक्समध्ये ओळी इतक्या समतोल बसवल्या मी
(हा माझा अभिमान, रात्री घरी हेच करतो)
की ती बराच वेळ बोलली नाही.
नंतर म्हणाली, "सुरेख.
भांडण मिटलेलं पुस्तक असं दिसतं."

टर्मिनलवर एक आज्ञा दिली:
साधा मजकूर, बदल सगळे स्वीकारलेले,
शेरे झाडून टाकलेले.
"कुणाला विचारून?" तिनं विचारलं.
मला नाही. यंत्राला.

वाचनालयाला माझ्याकडून तक्ता हवाय:
वेग, मेमरी, फॉन्ट, किंमत.
हे सगळं मी भरलंय.

शेवटी लिब्रेऑफिस.
पंखा धापा टाकू लागला,
मेनू म्हणजे सुताराचा फडताळ, सगळं आहे आणि हाताशी काही नाही,
एका मथळ्यानं फॉन्ट बदलला,
पाखराचं चित्र उडून पुढच्या पानावर बसलं.
आणि उजवीकडचा समास
भरत गेला, भरत गेला,
तो पिवळा, ती निळी, तारखेसकट, मिनिटासकट.

त्सिर्क, म्हणजे पाखरू. या एका शब्दावर सतरा शेरे.

आमच्याकडे कोंबडीला त्सिर्क म्हणत नाहीत.
तुमच्याकडे म्हणजे तळ्यापलीकडे.
तळंच आहे, लेइदा, समुद्र नव्हे.
कोंबडी उडते तरी का?
कुंपणावरून उडते. उद्या येऊन दाखवतो.

नऊ नोव्हेंबर, रात्रीचे दहा एक्केचाळीस.
खाली काही नाही.

बाण फिरत फिरत "सगळे बदल स्वीकारा" वर गेला,
माझाच हात, सवयीचा.
तिनं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.
चष्मा पुसला. खुर्ची ओढली.
शेऱ्याखालच्या चौकटीत
एकेक कळ शोधत, जणू टाइपरायटरवर जोर लागतो तशी,
लिहिलं:

कुंपण किती उंच?

"जतन कर," म्हणाली. "पेटीबंद नको,
उद्या दुसऱ्या कुणालाही उघडता येईल असं."
पंखा अजून धापा टाकत होता.
पेनड्राइव्ह काढून तिनं फुंकर मारली,
आणि मोज्यात सारला, टाचेपर्यंत.