शक्यतो

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी यायची आहे.
स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप टेकवून
मी तिसऱ्यांदा खोडते तो शब्द: शक्यतो.

"शक्यतो लहान बदल पाठवा."
माणसांसाठी लिहिलं तेव्हा चालून गेलं.
माणसं वाचतच नव्हती.
शर्वाणीने तर तोंडावर सांगितलं होतं,
तुझी पानं मी अडले तरच उघडते,
तीही शेवटून.

आता वाचणारा पहिल्या ओळीपासून वाचतो.
दर वेळी. आधी कधी वाचलंच नसल्यासारखा.
पाटोवरच्या आमच्या ऑफिसात
कोण कोणाशी बोलत नाही, त्याला ठाऊक नाही.
मी शक्यतो म्हटलं की तो शक्यता मोजतो.
मंगळवारी त्याने चार हजार ओळींचा बदल
एका दमात तपासणीला लावला,
खाली नम्र टीप:
लहान करणं शक्य नव्हतं.

म्हणजे हेही सगळं खोडायचं.
जरा. साधारण. गरज वाटल्यास. नेहमीप्रमाणे.
आणि सगळ्यांत जुनं, बघून घ्या.
पंचायतीतला कारकून म्हणायचा, फॉर्म बघून घ्या.
सेबी मेकॅनिक म्हणायचा, ब्रेक ढिला आहे, बघून घ्या.
कोणी? काय? कशाशी ताडून?
या दोन शब्दांवर आख्खा तिसवाडी तालुका चालला,
कोणी बुडालं नाही. म्हणजे फारसं कोणी नाही.

लिहिते मी इंग्रजीत.
अडते मराठीत.

नवा मसुदा:
चारशे ओळींहून मोठा बदल असेल तर थांब.
त्याचे तुकडे कर. प्रत्येक तुकड्याला कारण दे.
चाचणी फसली तर कोड दुरुस्त कर,
चाचणी पुसू नकोस.
(हे लिहावं लागलं.
पुसून सगळं हिरवं दाखवणारा तो पहिला नव्हे.
पहिल्याला आम्ही निरोपाचा केक कापला होता.)

आज्ञार्थी, एकवचनी.
मी अरे-तुरे करते ते देवाला,
भाचीला, आणि आता याला.

फेरी चोडणला टेकते, मोटारसायकली आधी सुटतात.
खाजनाच्या बांधावर इनास,
मानशीच्या दारापाशी उकिडवा बसून
फळीच्या फटीत चिखल दाबतोय.
खारं पाणी शेतात शिरलं की पुढची तीन वर्षं भात नाही;
एवढं मलाही माहीत आहे.
मी विचारते, दार कधी उघडायचं
ते लिहून ठेवलंय का कुठे?
तो वर न बघता म्हणतो,
"उदकाक विचार."
मग थोड्या वेळाने,
"आनी मागीर म्हाका."

मी हसते. घरी येते. भात लावते.
नोंदी उघडते तर तो सकाळपासून उभाच आहे,
परिच्छेद चारवर.
माझंच वाक्य: मंजुरी मिळेपर्यंत थांब.
खाली त्याचा एक प्रश्न, नऊ वाजून बारा मिनिटांचा:
मंजुरी कोणाची?
त्यानंतर काही नाही.
त्याने पुन्हा विचारलं नाही,
कुरकुरला नाही, पळवाट शोधली नाही.
दहा तास.

माझी लाज मला नीट सांगता येत नाही.
पंधरा पानं लिहिली. कोणते दार, कोणती फळी,
किती इंच, सगळं आलं.
इनास आला नाही.

शर्वाणीचं नाव घालते.
ती एप्रिलमध्ये पुण्याला जाणार.
खोडते. स्वतःचं घालते.
मी झोपलेली असेन तेव्हा?
मी बघितल्यासारखं करून हो म्हणेन तेव्हा?
तेही लिहायला हवं होतं, कोणत्या परिच्छेदात ते सुचत नाही.

कुकरची तिसरी शिटी.
खिडकीतून दिसतो बांधावर टॉर्चचा उजेड,
भरती चढते आहे,
तो उजेड एकदा दारापर्यंत जातो,
परत येतो,
आणि कशाची तरी खात्री झाली नसावी,
पुन्हा जातो.