तेवीसशे पन्नासपाशी

क्राकूवमध्ये नोव्हेंबरचं धुकं
आजूबाजूच्या खेड्यांतला कोळशाचा वास घेऊन
तळघरापर्यंत उतरतं.
बोगुमिला दार लावून घेते.
ब्रोमाइडच्या पुडीला ओल सोसत नाही,
रुसल्यासारखी लगेच गोळा होते.

तिमोनचं जेल दोन आठवडे कपात मुरत होतं,
झाकणाला सुईनं पाडलेली सात भोकं.
आधी खरवसासारखं हलायचं,
मग आक्रसलं, तडकलं,
फुटक्या बांगडीसारखे तुकडे उरले.
ते आर्गॉनच्या नळीत, आठशे अंशांवर, रात्रभर.

सकाळी निघालं ते काळं कुळकुळीत.
"करपलं की," झाडायला आलेला वितोल्द म्हणाला.
करपलं नाही. करपायला हवा लागते,
आणि हवेला इथे मज्जाव होता.
कार्बन सगळाच्या सगळा निघून जाऊ शकला नाही,
थोडा ऑक्सिजनच्या रिकाम्या जागी बसला,
थोडा नुसताच राहिला, काजळी होऊन,
कुणाशी न जोडलेला.

बोगुमिला खलात कुटते, चिमूटभर,
पांढऱ्यात काळं मिसळते,
दाबून गोळी करते, पापडीएवढी पातळ.
पडद्यावर बाराशे सत्तरचा सुळका शोधते, मेथिलचा:
चारशे अंशांच्या नमुन्यात ताठ,
सहाशेच्या नमुन्यात खांदे पाडलेला,
आठशेच्या नमुन्यात
जागा सपाट.
हजाराजवळची रुंद टेकडी मात्र आहे तिथेच,
सिलिकॉनचं घर मोडलेलं नाही.

आणि हे काय, तेवीसशे पन्नासपाशी?
दोन शिंगं, बारीक, टोकदार.
हे नमुन्यातलं नव्हे.
यंत्राचं झाकण उघडं असताना
कुणीतरी आत
मोठा उसासा सोडलाय.

"नायट्रोजन कमी पडला असेल," तिमोन म्हणतो.
कान लाल.
प्शेमिशलहून सकाळपासून दोनदा फोन आला होता,
दोन्ही वेळा तो जिन्यात जाऊन बोलला,
परत आला तेव्हा चष्मा पुसत होता.

तेवीस वर्षं ती रेघा वाचते.
विचारत नाही.
"वर बीटचं सार गरम आहे," एवढंच म्हणते,
"आधी खाऊन ये."

तो गेल्यावर नवी गोळी, तोंडावर रुमाल,
पुन्हा मोजणी. रेघ स्वच्छ आली.
तीच वहीत चिकटवली, तारीख टाकली.
पहिला कागद फाडायला घेतला,
अर्धा इंच फाटलाही.
मग घडी घातली
आणि ठेवला ब्रोमाइडच्या डबीखाली,
त्या एकाच खणात
जिथे ओल पोचत नाही.