सतरा नंबरचं दार

आठवडाभर गेथिन टपाल वाटतो.
कुठल्या दाराची फट अरुंद,
कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं, पाठ आहे त्याला.
आज चॅपेलच्या त्याच उतारावरून
पलटणीचं निशाण घेऊन निघालाय,
पांढरे हातमोजे, नजर समोर.
मागे प्लंबर, दोन शिक्षिका, खाटकाचा पोरगा,
पावलात पाऊल. जवळजवळ.

पायरीवर एल्युनेड,
मुलाचा कोट अंगात, बाह्या दुमडलेल्या.

रेशमावर सोनेरी धाग्यात लढायांची नावं:
गावांची सगळी,
माणसाचं एकही नाही.

वारा फिरतो.
रेशीम गेथिनच्या तोंडावर येतं.
हात उचलायची मुभा नाही.
तीन पावलं काहीच दिसत नाही,
आणि त्याला बरं वाटतं.

उद्या सोमवार.
तिच्या मुलाच्या नावानं
बँकेची पत्रं अजून येतात.